विषाणूनं तंबाखूचं व्यसन सुटेल का?

प्रश्न निपाणीच्या एका मुलीचा आहे. ती बेळगावात औषधशास्त्रात एम. फार्म. करते. शास्त्रज्ञ विषाणूच्या मदतीनं उंदराच्या मेंदूत निकोटीनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं निकोटीनला धरणारं प्रथिन, ‘बसवतात’ असं तिच्या वाचनात आलं. तिचे प्रश्न चार. विषाणू मेंदूत सोडला तरी उंदीर आजारी कसा पडत नाही? रिसेप्टर एकाच जागी बसवून काय कळतं? याच वाटेनं माणसाचं व्यसन सोडवता येईल का? आणि हे काम बेळगावात राहून करता येईल का? शेवटी जाता जाता तिनं आणखी एक लिहिलंय. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर असते आणि संध्याकाळी घरी आली की तिला मळमळतं. त्याचा या रिसेप्टरशी काही संबंध असेल का, सर?

आईचं आधी सांगतो. संबंध असू शकतो, अगदी थेट. निकोटीन शरीरात जायला विडीच ओढावी लागते असं नाही, ते कातडीतूनही शिरतं. ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलटी, गरगरणं हा त्रास होतो, तो यामुळेच. वखारीत पान वाळलेलं असतं, पण धूळ नाकातोंडात जाते आणि घामेजल्या हातांवर बसते. आत गेलेलं निकोटीन आतड्याच्या नसांवर आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राजवळ असलेल्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. ज्या रेणूकुटुंबाबद्दल तू विचारते आहेस, त्यातलेच हे रिसेप्टर. आईला पूर्ण बाह्यांचा झगा, हातमोजे आणि नाकावर घट्ट मास्क वापरायला सांग. जेवणाआधी साबणानं हात कोपरापर्यंत धुवायचे, कामाचं लुगडं घरच्या कपड्यांत मिसळायचं नाही. निकोटीनपासून शरीरात कोटिनीन तयार होतं आणि ते लघवीत मोजता येतं, त्यामुळे शंका असली तर तपासणी करता येते. पण मळमळीला शंभर कारणं असतात आणि तंबाखूची धूळ फुप्फुसालाही सोडत नाही. तेव्हा एकदा डॉक्टरांना दाखवाच. माझ्या उत्तरावर विसंबून राहू नका.

आता विषाणू. कोरोनानंतर हा शब्द ऐकला की माणूस दोन पावलं मागे सरकतो, ते समजण्यासारखं आहे. पण तुझ्या गावातल्या बहुतेकांच्या दंडात असा विषाणू टोचला गेलाय. पुण्याच्या सीरमची कोविशिल्ड ही चिंपांझीच्या अॅडिनोव्हायरसवर बेतलेली लस. त्या विषाणूचं पुनरुत्पादनाला लागणारं जनुक काढून टाकलं होतं आणि कोरोनाच्या काट्याचं जनुक आत घातलं होतं. कोव्हॅक्सिन वेगळी. तिच्यात कोरोनाचाच विषाणू मारून वापरला होता. तिच्या २०२० मधल्या पहिल्या मानवी चाचण्यांसाठी देशातली जी बारा ठिकाणं निवडली होती, त्यांत बेळगावचं एक रुग्णालय होतं. आणि टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपण फिरायला जातो, तिथं एकेकाळी देवीची लस बनत असे. तेव्हा विषाणू मुद्दाम वाढवून माणसाच्या भल्यासाठी वापरणं ही गोष्ट या शहराला नवी नाही.

प्रयोगशाळेत मेंदूच्या कामाला मुख्यतः दोन विषाणू वापरतात. पहिला अॅडिनो-असोसिएटेड व्हायरस, आम्ही एएव्ही म्हणतो. १९६५ मध्ये तो अॅडिनोव्हायरसच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडला. व्यास साधारण २५ नॅनोमीटर. दुसऱ्या विषाणूची मदत असल्याशिवाय याला स्वतःची प्रत काढता येत नाही, आणि माणसाला त्याच्यामुळे ठरावीक असा कुठलाही रोग होतो असं दिसलेलं नाही. वाहक, म्हणजे जनुक पेशीत वाहून नेणारा विषाणू, बनवताना त्याची दोन्ही मुख्य जनुकं काढून टाकतात. फक्त दोन टोकांचे डीएनएच्या १४५-१४५ अक्षरांचे तुकडे ठेवतात आणि मधल्या जागेत आपल्याला हवं ते जनुक भरतात. सगळं मिळून सुमारे ४,७०० अक्षरं मावतात, त्यापलीकडे नाही. ही मर्यादा पाठ करून ठेव. स्नायूंच्या डिस्ट्रोफिन प्रथिनाचा संदेश ११,००० अक्षरांच्या वर जातो, म्हणून तिथं कापून छोटं केलेलं जनुक भरावं लागतं. आपल्या निकोटीन रिसेप्टरच्या एका उपघटकाला मात्र दीड हजारांच्या आसपास अक्षरं पुरतात. जागाच जागा.

दुसरा लेंटिव्हायरस, म्हणजे एचआयव्हीच्या घराण्यातला, दात काढलेला. त्यात जास्त, आठ-नऊ हजार अक्षरं मावतात, पण तो पेशीच्या डीएनएत स्वतःला कायमचा शिवून घेतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेल्या रक्ताच्या कर्करोगावरच्या ज्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, त्यात रुग्णाच्या पेशींत जनुक नेणारा वाहक लेंटिव्हायरसच आहे. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या पाच रुग्णांवर याच वाहकानं उपचार झाले. त्याचे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस आले, आणि उपचारानंतरच्या पाहणीच्या काळात त्या पाचांपैकी एकालाही रक्तस्राव झाला नव्हता. थोडक्यात, उंदीर आजारी पडत नाही कारण त्याच्या मेंदूत जातो तो पोस्टमन. तो पत्र टाकतो आणि संपतो, त्याला पोरंबाळं होत नाहीत. अगदीच निरुपद्रवी असतो असंही नाही. मात्रा भरमसाट झाली तर एएव्हीसुद्धा पेशी मारतो. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात अॅडिनोव्हायरस वाहकाच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला, आणि हे सगळं क्षेत्र कित्येक वर्षं मागे गेलं.

तुझा दुसरा प्रश्न माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाचा, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

निकोटीनचा रिसेप्टर पाच उपघटकांचा बनतो. पाच पाकळ्या, मध्ये छिद्र, निकोटीन किंवा नसांचे निरोप नेणारं शरीराचं स्वतःचं अॅसिटिलकोलिन बसलं की छिद्र उघडतं आणि सोडियम आत धावतो. स्नायूतला रिसेप्टर वेगळ्या उपघटकांचा, मेंदूतला वेगळा. मेंदूत सर्वाधिक आढळतो तो अल्फा-४ आणि बीटा-२ यांचा. हा रिसेप्टर हाती लागला तो सापामुळे. १९६३ मध्ये तैवानच्या चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं काढलं. आपल्या खानापूरच्या रानातल्या मण्यारीची ती चुलत बहीण. हे विष स्नायूतल्या रिसेप्टरला असं चिकटतं की सुटता सुटत नाही, आणि त्याच्याच आधारानं १९७० च्या सुमारास पॅरिसच्या शाँज्यो यांनी विजेच्या माशाच्या अवयवातून रिसेप्टर बाहेर काढला. (मेंदूतल्या अल्फा-४ बीटा-२ ला मात्र हे विष चिकटत नाही. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.)

मग प्रश्न आला की व्यसन नेमकं कुठल्या रिसेप्टरमुळे लागतं. बीटा-२ चं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, आणि १९९८ मध्ये दिसलं की हे उंदीर निकोटीनसाठी धडपडतच नाहीत. म्हणजे बीटा-२ हवाच. पण जनुक काढलं ते सगळ्या शरीरातून, तेही जन्माआधीपासून. असा उंदीर निकोटीन मागत नाही, याचं कारण मेंदूच्या कुठल्याही कोपऱ्यात असू शकतं. कदाचित वाढताना मेंदूची घडणच बदलली असेल. ‘हवा आहे’ हे कळलं, ‘कुठे’ हे कळलं नाही.

इथं विषाणू कामाला येतो. २००५ मध्ये पाश्चर संस्थेतल्या मास्कोस आणि सहकाऱ्यांनी बीटा-२ नसलेल्या प्रौढ उंदरांच्या मेंदूतल्या व्हीटीए नावाच्या एकाच ठिकाणी लेंटिव्हायरसनं बीटा-२ परत पोचवला. व्हीटीए म्हणजे डोपामिन या गोडी लावणाऱ्या रसायनाच्या पेशींचा पुंजका, उंदरात जेमतेम मिलिमीटरभराचा. उरलेला सगळा मेंदू तसाच बीटा-२ विना. तरी निकोटीन दिल्यावर डोपामिन पुन्हा सुटू लागलं आणि ते उंदीर पुन्हा स्वतःहून निकोटीन घेऊ लागले. म्हणजे त्या गोडीसाठी एवढी एक जागा पुरेशी आहे. आणि मोठ्या वयात परत दिलं तरी चालतं, त्यामुळे वाढीतल्या बिघाडाची शंकाही मिटली. औषधाचा रिसेप्टर कुठला, हे सांगणारे प्रयोग पुष्कळ आहेत. तो कुठे बसला की काय घडतं हे सांगणारे थोडे, आणि त्यातले बरेच विषाणूवरच उभे आहेत.

२०११ चा एक प्रयोग मला याहून आवडतो. अल्फा-५ नावाचा उपघटक आहे. तो काढलेले उंदीर थोडं निकोटीन साध्या उंदरांइतकंच घेतात. मात्रा वाढवली की साधा उंदीर आवरतं घेतो, कारण जास्त निकोटीन त्याला नकोसं होतं. अल्फा-५ नसलेला उंदीर थांबत नाही. केनी यांच्या गटानं मीडियल हॅबेन्युला या छोट्याशा जागी लेंटिव्हायरसनं अल्फा-५ परत दिला आणि उंदराला पुन्हा ‘पुरे’ कळू लागलं. माणसात याच जनुकात एक बदल आढळतो, त्यात ३९८ व्या जागी अॅस्पार्टिक आम्लाऐवजी अॅस्पॅराजिन येतं. तो असलेले लोक जास्त सिगरेटी ओढतात असं मोठ्या पाहण्यांत दिसलंय. गावात एक जण तंबाखूचा बार भरून दिवस काढतो आणि दुसऱ्याला विडीमागून विडी लागते, त्यामागे स्वभाव, संगत, खिसा हे सगळं असतंच. पण थोडा भाग या ‘पुरे’चाही असू शकतो.

बारावरून आठवलं. तंबाखूत चुना का मळतात? चवीसाठी म्हणतात, पण चुन्यानं तोंडात क्षारता वाढते, निकोटीनवरचा विद्युतभार उतरतो आणि ते गालाच्या आतल्या अस्तरातून झपाट्यानं रक्तात जातं. पाठ्यपुस्तकातलं पीकेए (किती क्षारतेला रेणूवरचा भार उतरतो याचं माप) समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. विडीच्या झुरक्यातलं निकोटीन मात्र फुप्फुसातून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं, म्हणून तिची पकड जास्त घट्ट.

आता विषाणूवर भरवसा किती ठेवायचा? माझ्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ विषाणू कुठे गेला हे तपासण्यात जातो. सुई मेंदूत उतरवायची ती कवटीवरच्या ब्रेग्मा या खुणेपासून मोजून. अर्धा मायक्रोलिटर द्रव मिनिटाला एक दशांश मायक्रोलिटर या वेगानं सोडायचा आणि सुई लगेच वर घ्यायची नाही. घाई केली की द्रव सुईच्या वाटेनंच वर येतो आणि मधल्या भागात पसरतो. मग तू लिहिशील व्हीटीए, आणि विषाणू असेल वरच्या थरात. म्हणून प्रयोग संपल्यावर प्रत्येक उंदराच्या मेंदूचे काप काढून बघायचेच. दुसरं, रिसेप्टर किती तयार झाला? जोरदार प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) लावला की पेशीत नैसर्गिकपेक्षा कितीतरी जास्त रिसेप्टर भरतात आणि मग औषधाचा जो परिणाम दिसतो तो त्या गर्दीचा असतो. शोधनिबंध वाचताना मी आधी हे दोन आकडे शोधतो, निष्कर्ष नंतर.

तिसरी गोष्ट म्हणजे विषाणूलाही पेशीत शिरायला स्वतःचा रिसेप्टर लागतो. एएव्हीच्या एका प्रकाराला पेशीच्या पृष्ठभागावरची हेपरानची साखळी लागते हे १९९८ मध्ये कळलं. बहुतेक प्रकारांना लागणारं एक प्रथिन २०१६ मध्ये सापडलं. त्याच वर्षी पीएचपी.बी नावाचा सुधारित एएव्ही आला. शिरेत टोचला की रक्त आणि मेंदू यांमधली भिंत ओलांडून सगळ्या मेंदूत पसरायचा. सगळे हरखले. मग दिसलं की काळ्या सी५७ उंदरात चालतो, पांढऱ्या बाल्ब-सी उंदरात नाही, माकडातही नाही. २०१९ मध्ये कारण कळलं. तो एलवाय६ए या प्रथिनाला धरून आत जातो. बाल्ब-सी उंदराच्या रक्तवाहिन्यांत ते त्याला धरता येईल असं नसतं, माणसाकडे तर ते प्रथिनच नाही. एका जातीच्या उंदरातला चमत्कार ऐकला की ही गोष्ट आठवावी.

आपल्याकडे भटकी कुत्री चावण्याचं भय घरोघरी आहे, म्हणून रेबीजचंही सांगतो. रेबीजचा विषाणू स्नायूत शिरल्यावर ज्यांना धरतो त्यांत हाच निकोटीनिक रिसेप्टर आहे, हे १९८२ मध्ये दिसलं. तो नसेतून उलटा मेंदूकडे चढतो, आणि याच गुणाचा उपयोग करून २००७ पासून मेंदूतल्या जोडण्या शोधतात. एक जनुक काढून लंगडा केलेला रेबीज घ्यायचा, त्याला पक्ष्यांच्या एका विषाणूचं कवच चढवायचं. त्या कवचाचा रिसेप्टर सस्तन प्राण्यात नसतो. तो एएव्हीनं फक्त निवडक पेशींत बसवायचा. मग रेबीज तेवढ्याच पेशींत शिरतो आणि त्यांना जोडलेल्या पेशी उजळतात. चतुराई म्हणतात ती ही. हे काम करणाऱ्यांनी आधी रेबीजची लस घ्यायची असते, त्यात सूट नाही.

औषध आणि रिसेप्टर यांच्या जोडीत आणखी एक खाच आहे. २००७ मध्ये ब्रायन रॉथ यांच्या प्रयोगशाळेनं असे रिसेप्टर बनवले की शरीरातलं काहीच त्यांना चालू करत नाही, फक्त सीएनओ नावाचा रेणू करतो. विषाणूनं असा रिसेप्टर बसवायचा, सीएनओ द्यायचा, पेशी चालू किंवा बंद. दहा वर्षं सगळ्यांनी वापरलं. २०१७ मध्ये कळलं की सीएनओ मेंदूत फारसा पोचतच नाही, शरीरात त्याचं थोडं क्लोझापिन होतं आणि काम ते करतं. क्लोझापिन हे स्वतः मनोविकारांवरचं औषध, कितीतरी रिसेप्टरांना धरणारं. म्हणून ज्यांच्यात नवा रिसेप्टर नाही, त्या उंदरांनाही सीएनओ देऊन बघणं आता बंधनकारकच समजतात. तुझ्या प्रबंधात हा नियंत्रण गट नसेल तर मी परीक्षक म्हणून तिथंच थांबेन.

व्यसन सोडवण्याचं काय? उंदरात एक प्रयोग झालाय. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल यांच्या गटानं एएव्हीनं यकृताला निकोटीनविरोधी प्रतिपिंड बनवायला लावलं. एक इंजेक्शन, आणि मेंदूत पोचणारं निकोटीन साध्या उंदरांच्या १५ टक्क्यांवर आलं. कागदावर झकास. पण माणसात मला ते पटत नाही. दिलेला एएव्ही परत काढता येत नाही. दुसऱ्यांदा द्यावा तर शरीरानं त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात, बऱ्याच प्रौढांत ती आधीपासूनच असतात. शिवाय ज्याला हवंच आहे तो विड्या वाढवून प्रतिपिंडांना पुरून उरेल. रिसेप्टरच काढून टाकावा तर त्याहून वाईट, कारण तो तंबाखूसाठी जन्मलेला नाही, लक्ष, स्मरण यांसाठी तो रोज लागतो. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीच्या, म्हणजे स्नायू गळत जाण्याच्या जनुकीय आजाराच्या, बाळाला ज्याला लोक ‘१६ कोटींचं इंजेक्शन’ म्हणतात ते एएव्ही-९ चं औषध देणं वेगळं. तिथं दुसरी बाजू मृत्यूची असते. तंबाखूसाठी निकोटीनचं च्युइंगगम आहे, व्हॅरेनिक्लिन आहे. व्हॅरेनिक्लिन याच अल्फा-४ बीटा-२ ला अर्धवट चालू करतं आणि निकोटीनला बसायला जागा देत नाही. समुपदेशनासाठी सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६ आहे, फोन फुकट लागतो. घरात कुणी मिश्री लावत असेल तर त्यांच्यासाठीही हाच नंबर.

राहिलं बेळगाव. विषाणू इथं बनवायचा हट्ट धरू नकोस. त्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या एचईके पेशींत तीन प्लाझ्मिड (डीएनएची वर्तुळं) घालणं, अल्ट्रासेंट्रिफ्यूज, शुद्धीकरण, मात्रा मोजणं हा वेगळाच व्याप आहे. तयार विषाणू कोरड्या बर्फात मागवता येतो. बंगळूर आणि पुणे या दोन्हींच्या मध्ये असल्याचा आपल्याला एवढा फायदा आहे. पार्सल शुक्रवारी निघू देऊ नकोस, रविवारी कुठल्या तरी गोदामात बर्फ संपतो. आल्या आल्या छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० ला ठेव, कारण गोठवणं-वितळवणं दोनदा झालं की ताकद उतरते. त्या फ्रीजला जनरेटरची जोड आहे का, हे मार्गदर्शक निवडण्याआधी बघ. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते तुला सांगायला नको.

परवानग्या दोन. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची विषाणूसाठी आणि प्राणी नीतिमत्ता समितीची उंदरांसाठी. अर्ज आधी कर, विषाणूची ऑर्डर नंतर. इथं पेशींवरचं काम आणि वर्तनाच्या चाचण्या नीट होतील. सुईचं काम शिकायला मात्र बंगळूरच्या आयआयएससी किंवा निम्हान्सच्या, नाहीतर पुण्याच्या आयसरच्या एखाद्या गटात दोन-तीन महिने जाऊन बस. पत्र लिहिताना ‘मला जीन थेरपी शिकायची आहे’ असं लिहू नकोस, तशी रोज येतात. कुठल्या उपघटकावर, कुठल्या जागी, कुठल्या नियंत्रण गटासह काय तपासायचंय ते चार ओळींत लिही. अल्फा-५ वर आपल्याकडे, विशेषतः न ओढता खाल्ल्या जाणाऱ्या तंबाखूच्या संदर्भात, करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि निपाणीच्या मुलीनं ते विचारलं तर समोरचा पत्र पूर्ण वाचेल असं मला वाटतं.